चार वाजता जाऊन बघ

सांगलीच्या एका वाचक ताईचा मेल आलाय, थोडा कापून देते:

"काकू, माझी मुलगी 11 महिन्यांची आहे. मी मिरजेत बँकेत आहे. बाळंतपणाची रजा, तिला जोडून घेतलेली बिनपगारी, सगळं संपलं, पुढच्या 1 तारखेला जॉईन व्हायचंय. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत शिफ्टमध्ये. आम्ही विश्रामबागला भाड्यानं राहतो. सासूबाई तासगावच्या पुढं गावी असतात, त्या म्हणतात लेकरू माझ्याकडं ठेव, शनिवारी संध्याकाळी येऊन ने. शंभर फुटी रोडकडं एक नवीन डे केअर झालंय, महिना 6500, एसी आहे, मोबाईलवर कॅमेरा दिसतो, ॲक्टिव्हिटीचा चार्ट पण दिला. आमच्या मागच्या गल्लीत एक काकू घरीच मुलं सांभाळतात, 3500 घेतात, पण घर जुनं आणि कॅमेरा वगैरे काही नाही. आई म्हणते घरीच बाई ठेव. त्यात आईनंच खारघरच्या पाळणाघरातला तो जुना व्हिडिओ पाठवला, तेव्हापासून झोप उडालीय. मी चुकीचं करतेय का? कुठं ठेवू?"

मला काकू म्हणालीस म्हणून मी पण सरळ अगंतुगं करते, चालेल ना.

चुकीचं करतेस का, तर नाही, आणि ह्यावर मी फार लिहित बसणार नाही. बाई कामाला गेली आणि लेकरू दुसऱ्याच्या हवाली केलं हे काय बँका आल्यावर सुरू झालेलं नाही. उसाच्या फडात बांधावरच्या झाडाला झोळी टांगून कोयता चालवणाऱ्या बाया आपण बघितल्यात की, झोका द्यायला पाच-सात वर्षांची थोरली पोरगी बसवलेली असायची. तुझ्या सासूबाईसुद्धा, तासगाव म्हणजे द्राक्षाचाच भाग, बागेत विरळणीला, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला जाताना तुझ्या नवऱ्याला कुणाच्या तरी मांडीवर टाकूनच गेल्या असतील, विचार त्यांना. तेव्हा द्यायचं का नको हे सोड, कुणाकडं द्यायचं तेवढंच बोलू.

पण त्याआधी एक खटकलं ते सांगते. अख्ख्या मेलमध्ये मिस्टर एका ओळीत येतात, 'कुपवाड एमआयडीसीत शिफ्टमध्ये', आणि पुढं गायब. सासूबाईंचं मत आहे, आईचं मत आहे, डे केअरवाल्यांचा तर चार्टच आहे, बापाचं काय म्हणणं? फर्स्ट शिफ्ट असली की हा माणूस तीन-साडेतीनला सुटणार ना, मग त्या आठवड्यात मुलीला आणायचं काम त्याचं. आणि जिथं ठेवायचं ते घर त्यानं पण स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, "तू बघ, मला त्यातलं काय कळत नाय" हे चालणार नाही, तुला तरी कुठं आधी कळत होतं.

आता कामाचं. 2017 साली बाळंतपणाच्या कायद्यात बदल झाला, पहिल्या दोन मुलांसाठी रजा 12 आठवड्यांची 26 आठवडे झाली, एवढं सगळ्यांना माहिती असतं कारण ते तर आपण घेतलेलं असतं. पण त्याच बदलात हे पण आलं की जिथं 50 किंवा जास्त लोक कामाला आहेत तिथं पाळणाघराची सोय पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊन यायची मुभा पाहिजे. 50 म्हणजे 50 बायका असं नाही बरं का, सगळे धरून. तुझ्या शाखेत दहा-बारा माणसं असतील, तिथं काय पाळणा बांधणार नाहीत, पण हेड ऑफिसला एक मेल टाकून विचार की ह्यासाठी काही भत्ता, काही टायअप आहे का. मिस्टरांच्या कंपनीत पण विचारायला लाव, तिथल्या बायकांसाठी सोय केली असेल तर बापाच्या मुलीला घेतात का बघू दे. आणि अजून एक, मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी कामाच्या वेळात दोन ब्रेक मिळतात, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय. हे जुन्या कायद्यापासून आहे आणि निम्म्या बायकांना ठाऊकच नसतं, मॅनेजरांना तर त्याहून नाही. तुझी 11 ची आहे म्हणजे अजून चार महिने तुझ्या हातात आहेत. जॉईन व्हायच्या आधीच लेखी देऊन ठेव, पहिल्या दिवशी काउंटरवर उभ्या उभ्या बोलू नकोस.

सासूबाईंचं. त्यांनी स्वतःहून ठेव म्हटलं हेच मोठं आहे, आधी ते मान्य कर. तरी पण सोमवार ते शनिवार गावी ह्याला माझं नाही आहे. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही. आठव्या-नवव्या महिन्यापासून पोरं आईला चिकटायला लागतात, आई दिसेनाशी झाली की जीव घाबरा होतो, आणि पुढं दीड वर्षापर्यंत हे जोरात असतं. बरोबर ह्याच दिवसांत तू तिला सलग सहा दिवस सोडायचं म्हणतेस. रोज संध्याकाळी आई येते हे तिला पंधरा दिवसांत कळेल, शनिवार म्हणजे काय हे 11 महिन्यांच्या पोरीला कसं कळायचं? दूध तुटेल ते वेगळंच.

आणि द्राक्षवाल्यांचं घर मी जवळून बघितलंय म्हणून हे पण सांगते. पडवीत फवारणीच्या औषधाचे डबे, फवारणीचा ब्लोअर धुतलेलं पाणी, अर्धवट राहिलेल्या बाटल्या, मागं शेततळं, त्याला आतून प्लॅस्टिकचा गुळगुळीत कागद, मोठा माणूस पडला तरी धरायला काय नसतं. रांगणारं मूल आणि त्याच्या मागं दुखऱ्या गुडघ्यांची आजी (गुडघ्याचं तू लिहिलं नाहीस पण साठीच्या पुढं बागेत राबलेल्या कुठल्या बाईचे धड असतात सांग). ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत त्या घरातलं कोण मोकळं असतं? त्यांना उलटं इकडं बोलव, पण कायमचं नको. पहिले पंधरा दिवस. त्याचं पुढं सांगते.

घरी बाई ठेवायचं थोडक्यात. दिवसभर घरात दुसरं कुणी मोठं माणूस असेल तर उत्तम सोय, कुणीच नसेल तर मला पटत नाही. बंद दाराआड एकटी बाई आणि बोलता न येणारं मूल, चांगली बाईसुद्धा दुपारी तीनला वैतागते, आणि वैतागली की धर गं जरा म्हणायला शेजारी कुणी नसतं. शिवाय ती आजारी पडली की तुझी रजा. बास.

मग राहिले दोन, एसीवालं आणि गल्लीतल्या काकू.

माझं सांगते. माझा मुलगा वर्षाचा होता तेव्हा मी मिरजेत शाळेत होते, आणि त्याला एका पाळणाघरात ठेवायचे, नाव नको. त्या काळच्या मानानं झकपक, भिंतीवर कार्टून, खेळण्यांचं कपाट, दारात चपला ओळीत. आम्ही बघायला गेलो सकाळी अकराला, सगळी मुलं अंघोळी-पावडर होऊन गोल बसलेली, आम्ही खूश. पुढं दोन महिने मी रोज सहाला आणायला जायचे आणि पोरगा मुकाट खांद्यावर मान टाकून यायचा, घरी पण आठला झोपायचा, मी सगळ्यांना सांगायचे किती छान रुळलाय. एक दिवस शाळा अर्धी सुटली आणि मी चारला गेले. आत अंधार, पडदे ओढलेले, नऊ मुलं नऊच्या नऊ गाढ झोपलेली. नऊ मुलं एकाच वेळी झोपतात का गं कधी? ओट्यावर सर्दीच्या औषधाची मोठी बाटली आणि एकच चमचा. विचारलं तर ती बाई म्हणाली, "दुपारचं देतो सगळ्यांना, सर्दी होऊ नये म्हणून." त्या औषधानं झोप येते हे तिलाही माहिती आणि मलाही. त्याच दिवशी उचलून आणला.

म्हणून मी सगळ्यांना हेच सांगत असते की अकरा वाजता बघायला जाऊ नकोस, अकरा त्यांची वेळ आहे. चार वाजता जा, न सांगता, दोन वेगळ्या दिवशी, आणि एक दिवस मिस्टरांना पाठव. चारला पोरं उठलेली असतात, कुणाची लंगोट ओली, कुणाला भूक, कुणी उगाच रडतंय, सांभाळणारीचं सकाळचं बळ संपलेलं, तेव्हा ती त्या रडणाऱ्या पोराला कशी उचलते ते बघायचं. एका हाताला धरून वर ओढते का काखेत हात घालून घेते. आत येऊ देतात का दारातच थांबा म्हणतात. नाकाला काय वास येतो. टीव्ही चालू आहे का, तो मुलांसाठी आहे का तिच्यासाठी (दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, पण आपल्याकडं पाळणाघरात टीव्ही म्हणजे एक जादाची बाई धरतात). लंगोट बदलून हात न धुता तशीच बाटली भरते का. पाण्याचं बॅरल झाकलेलं आहे का, बाथरूमची बादली भरून ठेवलीय का, जिन्याला दार आहे का. आणि खायला काय देतात ते नक्की बघ, आपल्या सांगलीत चार वाजता भडंग निघतं आणि त्यातला एक शेंगदाणा लहान मुलाच्या घशात अडकायला पुरतो. अख्खं द्राक्ष पण तसंच, उभं चिरून चार फोडी केल्याशिवाय द्यायचं नाही हे तू ज्याच्याकडं ठेवशील त्याला बजावून सांग, सासूबाईंना पण, त्यांच्याकडं तर टोपल्याच असतात.

त्या एसीवाल्यांना एकच प्रश्न जोर लावून विचार: दोन वर्षांच्या आतली किती मुलं आहेत आणि त्यांना धरणारी बाई कोण. ऑफिसात बसून तुझ्याशी गोड बोलणाऱ्या मॅडम नव्हेत, तिला भेटायचंच नाही, जी प्रत्यक्ष शी धुते आणि भात भरवते ती. किती दिवस झाले तिला इथं? नवीन ठिकाणी बायका महिन्या-दोन महिन्यांनी बदलत असतील तर पोरीनं रुळायचं कुणाला, एसीला? एका बाईकडं तीन-चारपेक्षा जास्त रांगती मुलं असली तर मी तरी ठेवणार नाही, दोन हात आहेत तिला. ॲक्टिव्हिटी चार्टचं तर सोडूनच दे. 2020 च्या शिक्षण धोरणातसुद्धा पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून धरलाय आणि पहिली सहाव्या वर्षी, 11 महिन्यांच्या मुलीला कसला सिलॅबस, तिला डब्याचं झाकण लावता-काढता आलं की तीच ॲक्टिव्हिटी.

आणि कॅमेरा. आईनं पाठवलेला तो व्हिडिओ नोव्हेंबर 2016 चा, 10 महिन्यांच्या पोरीला सांभाळणाऱ्या बाईनं मारलं होतं. मला पण बघवला नव्हता. पण एक लक्षात घे, तो व्हिडिओ आला कुठून? तिथल्याच कॅमेऱ्यातून. म्हणजे कॅमेरा त्या दिवशी पण चालू होता आणि त्यानं काय थांबवलं नाही. घरच्यांना पोरीच्या अंगावर मार दिसला, ते पोलिसांत गेले, मग फुटेज बघितलं गेलं. पहिलं काम केलं ते आईबापाच्या नजरेनं. कॅमेरा असेल तर असू दे, वाईट नाही, पण काउंटरला कॅश मोजत मोजत तू दर दहा मिनिटांनी मोबाईल बघणार असशील तर कॅश पण चुकेल आणि डोकं पण जाईल. त्यापेक्षा रोज अंघोळ घालताना पोरीचं सगळं अंग नीट बघ, दोन मिनिटं लागतात.

आता गल्लीतल्या काकू. त्या पाळणाघरातून काढल्यावर मी मुलाला गावभागात एका बाईंकडं ठेवला. दोन खोल्या, शेणानं सारवलेलं अंगण, खेळणी म्हणावं तर पितळी डबे आणि लाटणं. मी त्यांना विचारायला वहीत प्रश्न लिहून नेलेले, पण त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. कुशीवर झोपतो का पालथा? झोपताना काय म्हणता त्याला? शी लागली की चेहरा कसा करतो? वरणात तूप चालतं का, तिखटाचं बोट लावलंय का अजून? कुणाला घाबरतो का, मिशीवाल्याला वगैरे? मी बघतच राहिले, मागच्या ठिकाणी मला विचारलं होतं ते एकच, फी महिन्याची का तीन महिन्यांची एकदम. तेव्हापासून मी कुणालाही हेच सांगते, तुझे प्रश्न राहू देत, ती तुला काय विचारते ते ऐक. मागच्या गल्लीतल्या काकूंनी पोरीबद्दल असं काही विचारलं का? तू लिहिलं नाहीस. घर जुनं आहे हे लिहिलंस. घर जुनं असू दे, पोपडे पोरीच्या हाताला येत नाहीत ना आणि उघडी वायर-प्लग खाली नाही ना तेवढं बघ.

माझा कल काकूंकडंच आहे हे तुला कळलंच असेल, पण चार वाजताची खेप झाल्याशिवाय नाही. आणि घरगुती म्हणून बोलणी ढिली ठेवू नकोस, आपल्याकडं हेच होतं, 'घरच्यासारखंच आहे' म्हणत काहीच ठरवत नाहीत आणि मग सहाव्या महिन्यात तोंडं वाकडी. एकूण किती मुलं घेणार ते ठरव. घरात अजून कोण कोण असतं, दुपारी कोण येतं-जातं, हे सरळ विचार, लाजू नकोस. मुलीला तू आणि मिस्टर सोडून कुणाच्याही हातात द्यायचं नाही, मामा आलाय म्हणाला तरी फोन करायचा. ताप असेल तर तू आणणार नाहीस आणि त्यांच्या घरात कुणी आजारी असेल तर त्या सकाळी सातच्या आत कळवणार. फोन न करता कुठलंच औषध द्यायचं नाही. गणपती, दिवाळी, त्यांच्या लेकीचं बाळंतपण, किती दिवस बंद, आधी विचार. उशीर झाला तर पैसे जादा द्यायचे, आणि फीमध्ये घासाघीस करू नकोस बाई, 3500 मध्ये महिनाभर दुसऱ्याचं मूल सांभाळणं स्वस्तच आहे, जमलं तर दिवाळीला महिन्याचा बोनस दे, मोलकरणीला देतो की आपण.

एक सांगलीचं खास. पावसाळ्याचं ठरवून ठेव. तुमच्या बाजूला कृष्णेच्या पुराचं पाणी येत नाही असं धरून चालू, पण पाहुणे येतात. नदीचं पाणी इर्विन पुलाला 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, 2019 च्या ऑगस्टमध्ये 57 च्या पुढं गेलं होतं, तेव्हा वरच्या भागातल्या घराघरात खालची चार-चार कुटुंबं येऊन राहिलेली. काकूंची बहीण गावभागात, शामरावनगरला असली तर त्या आठवड्यात काकूंच्या घरात पंधरा माणसं असणार, आणि तुझी मिरजेची शाखा चालूच असणार. तेव्हा पुलाला 35 झालं की कुणी रजा टाकायची, तू का मिस्टरांनी, हे जूनमध्येच बोलून घ्या, पाणी वाढताना बोलू नका.

रुळवायचं कसं ते आता. जॉईन व्हायच्या तीन आठवडे आधी सुरू कर, म्हणजे जवळपास ह्याच सोमवारी. पहिले दोन-तीन दिवस तू तिथंच बस, अर्धा-पाऊण तास, पोरगी तुझ्या मांडीवरून उतरून काकूंकडं गेली तर जाऊ दे, नाही गेली तर ढकलू नकोस. मग तासभर सोडून ये. मग एक जेवण तिथं, मग एक झोप तिथं. झोपायला तुझी धुतलेली नाही, वापरलेली सुती ओढणी दे. निघताना पळून जायचं नाही, पाठ वळली की सटकायचं हे सगळे सांगतात आणि ते साफ चूक आहे, पोरं मग दर मिनिटाला मागं वळून बघत बसतात. तोंडावर सांगायचं, येते हं मी, आणि निघायचं, दारात पाचदा मागं फिरायचं नाही. ती रडणारच. पंधरा-वीस मिनिटांत थांबली का एवढंच काकूंना फोन करून विचार. संध्याकाळी तुला बघून पुन्हा रडली तर घाबरू नकोस, दिवसभर साठवलेलं ते तुझ्यापुढं काढते. पण महिना झाला तरी खाणं तुटलेलं, रात्री दचकून उठते, काकूंचा हात पुढं आला की आखडते, किंवा माझ्या मुलासारखी रोजच मुकी आणि पेंगुळलेली येते, तर वाट बघू नकोस, काढ. फी भरलेली असली तरी.

त्याच तीन आठवड्यांतले पंधरा दिवस सासूबाईंना इकडं बोलव. तू काकूंकडून मोकळ्या हातानं घरी आलीस की घर खायला उठतं, तेव्हा कुणीतरी असलेलं बरं. त्यांनी पण काकूंचं घर बघावं, दोघींनी चहा प्यावा, उद्या काकूंकडं बंद असेल त्या दिवशी आजीलाच यायचंय. लेकरू त्यांच्याकडं दिलं नाही हे त्यांना लागणार आहे, त्यामुळं हा फोन तू करू नकोस. मिस्टरांना करायला सांग, आणि "तिचं म्हणणं आहे" असं न म्हणता "आमचं ठरलंय" असं म्हणायला सांग.